वडील ८३ वर्षांचे. उद्या अ‍ॅटॅक आला तर अँजिओप्लास्टी करावी का?

जळकोट तालुक्यातून लिहितोय. मागच्या महिन्यात चुलत्यांना (वय ७९) अ‍ॅटॅक आला. उदगीरला रक्ताची गुठळी विरघळायचं इंजेक्शन दिलं, मग लातूरला नेऊन अँजिओप्लास्टी केली, म्हणजे हृदयाची बंद नस फुग्याने उघडून आत स्टेंट (जाळीची नळी) टाकला. आता घरी आहेत, पण पायऱ्या चढताना दम लागतो. भावकीतले म्हणायलेत, ‘ह्या वयात कशाला चिरफाड केली?’ वडिलांना शुगर आहे, बीपी आहे. ऐनवेळी दवाखान्याच्या दारात भांडत बसण्यापेक्षा आधीच ठरवावं म्हणतो. वयस्कर माणसाला ह्याचा खरंच उपयोग होतो का?

उत्तर १ (निवृत्त सिस्टर, लातूर)

भाऊ, आधी ‘चिरफाड’ हा शब्द घरातून काढा. अँजिओप्लास्टी बहुतेक वेळा मनगटाच्या नसेतून होते, छाती उघडत नाहीत. मी सीसीयूमध्ये (हृदयाच्या पेशंटांचा अतिदक्षता विभाग) नोकरी केली. नातेवाईक बाहेर वयावरून वाद घालत असतात आणि आत हृदयाचा स्नायू मरत असतो. फार जीव तुटायचा.

अ‍ॅटॅक दोन तऱ्हेचे. ईसीजीच्या रेघेत ‘एसटी’ नावाचा एक भाग असतो; तो वर गेलेला असेल तर नस बहुधा पूर्ण बंद असते. तिथे नुसत्या वयावरून नाही म्हणू नका. उलट म्हाताऱ्या माणसाला धोका जास्त, म्हणून नस उघडण्याचा फायदाही मोठा. १२० मिनिटांत अँजिओप्लास्टी होण्यासारखी नसेल तर जवळच्या दवाखान्यात आधी गुठळी विरघळायचं इंजेक्शन घ्यायचं. पंचाहत्तरीपुढे मेंदूत रक्तस्राव व्हायची भीती वाढते, म्हणून टेनेक्टेप्लेज हे त्यातलं इंजेक्शन निम्म्या डोसमध्ये देतात. ६० ते ९० मिनिटांत ईसीजी सुधारला नाही तर लगेच अँजिओप्लास्टी लागते. सुधारला तरी पुढच्या २ ते २४ तासांत अँजिओग्राफी (नसेत औषध सोडून अडथळा कुठे ते एक्स-रेवर बघणं) करतात. तुमच्या चुलत्यांचं ह्याच वाटेने झालेलं दिसतंय.

एसटी वर नसेल आणि पेशंट स्थिर असेल, तर विचाराला वेळ मिळतो. इंग्लंड-स्कॉटलंडमधला ‘सीनियर-रीटा’ अभ्यास २०२४ मध्ये आला. पंचाहत्तरीपुढचे १,५१८ पेशंट, सुमारे ४ वर्षं पाहिले. हृदयविकाराने मृत्यू किंवा पुन्हा अ‍ॅटॅक, हे दोन्ही मिळून मोजलं तर नुसत्या गोळ्या आणि अँजिओग्राफीचा मार्ग (गोळ्या, अँजिओग्राफी आणि गरज पडली तर स्टेंट) यांत ठोस फरक निघाला नाही. पुन्हा अ‍ॅटॅक येण्याचं प्रमाण मात्र अँजिओग्राफीवाल्यांत कमी होतं.

चुलत्यांच्या दमाचं म्हणाल तर मेलेला स्नायू स्टेंटने परत येत नाही. टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी) करून हृदयाचं पंपिंग बघा. आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या कुणाच्या सांगण्यावरून बंद करू नका, स्टेंट अचानक बंद पडू शकतो.

उत्तर २ (परभणी)

सिस्टरांचं पटतं, पण आमची गोष्ट वेगळी. आईला आधीपासून विसरभोळेपणा, किडनी अधू, अंथरुणालाच खिळलेली. डॉक्टरांनी नीट बसून सांगितलं की अँजिओग्राफीच्या औषधाने किडनीवर ताण येईल. आम्ही गोळ्यांवरच ठेवलं आणि आजही तो निर्णय मला बरोबर वाटतो. वय नका बघू, माणूस अ‍ॅटॅकच्या आदल्या दिवशी कसा होता ते बघा. स्वतः शेतात जाणारा ८३ वर्षांचा माणूस आणि माझी आई एका मापात बसत नाहीत.

उत्तर ३ (अहमदपूर)

पैशाचं कुणी बोललं नाही. सत्तरीपुढच्यांना २०२४ पासून आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. उत्पन्नाची अट नाही, वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार. आधारवर आजच काढून ठेवा आणि लातूर-नांदेडचे कोणते दवाखाने यादीत आहेत ते विचारून घ्या.

प्रश्नकर्ता

दादांनाच, म्हणजे वडिलांनाच विचारलं. म्हणाले, ‘हातातून होत असंल तर करा. पण शुद्ध गेली तर नळ्या लावून ठेवू नका.’ आई आणि बहिणीसमोर बोलले, बरं झालं. सिस्टर, त्रास सुरू झाला की घरी जिभेखालची गोळी (सॉर्बिट्रेटसारखी) द्यावी का?

उत्तर १

डॉक्टरांनी त्यांच्यासाठी लिहून दिली असेल तरच. बीपी खाली असेल तर त्या गोळीने माणूस कोसळतो. १०८ ला फोन करा, अ‍ॅस्पिरिनचं तेच सांगतील तसं करा. शुगरवाल्या म्हाताऱ्यांच्या छातीत दुखेलच असं नाही. एकाएकी दम, दरदरून घाम, मळमळ, भ्रमल्यासारखं बोलणं, एवढ्यावरसुद्धा ईसीजी काढा. पित्त म्हणून सकाळची वाट बघू नका.