मदत हवी आहे: ऑडिओ पॉडकास्टला कॅमेरा जोडावा का?

नमस्कार मंडळी,

मी आणि माझा मावसभाऊ मिळून मराठीत एक छोटा पॉडकास्ट करतो. पुण्यातल्या पेठांमधले कारागीर, त्यांचं काम, त्यांच्या गप्पा. सगळं फक्त ऑडिओ. हल्ली भावाने टुमणं लावलंय की कॅमेरा आल्याशिवाय पुढचा भाग करायचा नाही. त्याचं म्हणणं हवेतलं नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये यूट्यूबने जाहीर केलं की महिन्याला १ अब्जाहून जास्त लोक तिथे पॉडकास्ट बघतात-ऐकतात. गूगलने स्वतःचं पॉडकास्ट ॲप २०२४ मध्ये गुंडाळलं आणि लोकांना यूट्यूब म्युझिककडे पाठवलं. आमच्याच नातेवाईकांना सांगितलं तरी पहिला प्रश्न, "यूट्यूबवर आहे ना?"

माझी अडचण अशी की एडिटिंग मी करते. तांबट आळीतले, तांब्याची भांडी घडवणारे एक काका घ्या. मुद्द्यावर येईपर्यंत चहा येतो, मग गिऱ्हाईक येतं, मग तोच किस्सा ते पुन्हा सांगतात आणि दुसऱ्यांदा जास्त रंगवून सांगतात. ऑडिओत मी पहिल्या वेळची सुरुवात आणि दुसऱ्या वेळचा शेवट जोडते, खाली ठोक्यांचा आवाज ठेवते. सांधा कुठे आहे ते काकांनाही सापडत नाही. कॅमेऱ्यात हे कसं करायचं? पहिल्या वेळी हातात हातोडी, दुसऱ्या वेळी कप. नुसते "अं" आणि "ते हे" काढले तरी चित्र दर दोन वाक्यांनी टुणकन उडतं.

शिवाय कॅमेरा दिसला की माणसं बदलतात. एका बांगड्यावाल्या आजींकडे भावाने मोबाईल स्टँडवर लावला, तर त्या आत जाऊन साडी बदलून आल्या आणि "सर्वप्रथम मी आपले आभार मानते" असं भाषण सुरू झालं. त्याच आजी पदराला छोटा माइक लावला होता तेव्हा पाच मिनिटांत माइक विसरल्या आणि सासूच्या गोष्टींवर आल्या.

मात्र मठारकामाला भावाचंच खरं. भांड्यावर ठोक्याशेजारी ठोका बसत जातो, त्याने पत्रा कडक होतो आणि चकाकी येते. आवाज ऐकवता येतो, पण ते ठोके ओळीने कसे पडतात हे बघितल्याशिवाय कळत नाही.

तर ज्यांनी ऑडिओवरून व्हिडिओकडे उडी घेतली त्यांचं काम कितपत वाढलं? नुसतं मुखचित्र लावून ऑडिओ यूट्यूबवर टाकला तर कुणी ऐकतं का? आमची तासाची मोनो एमपीथ्री ९६ केबीपीएसला ४३ एमबीच्या आसपास होते. यूट्यूब १०८०पी साठी सुचवतं त्या ८ एमबीपीएसने तेवढाच व्हिडिओ ३.६ जीबी होईल, कच्चं फुटेज वेगळंच. माझा लॅपटॉप आत्ताच धापा टाकतो. बजेट पुणेरी आहे, म्हणजे आधी फुकटातले उपाय सांगा.

प्रतिसाद १
ताई, मुखचित्रासाठी काही करायची गरज नाही. यूट्यूबला आरएसएस फीड (पॉडकास्ट ॲप्स जिथून तुमचे नवे भाग उचलतात ती यादी) जोडली की ते स्वतःच स्थिर चित्राचा व्हिडिओ बनवतं. ऐकणारे मिळतील, पण फार आशा ठेवू नका. प्रीमियम नसेल तर स्क्रीन बंद केली की यूट्यूब ॲप गप्प होतं, म्हणजे भांडी घासताना ऐकणारी मंडळी तिथे टिकत नाहीत. काहीही ठरवा, फीड बंद करू नका. ती कुणा एका कंपनीच्या मालकीची नाही. होस्टिंग बदललं तरी पत्ता वळवून श्रोते सोबत नेता येतात. चॅनेलचं तसं नाही.

प्रतिसाद २
एडिटिंगवर पोट आहे म्हणून सांगतो. काम दुप्पट नाही, त्याहून जास्त वाढतं. करायचंच असेल तर आवाज कॅमेऱ्यात घेऊ नका, वेगळ्या रेकॉर्डरवर घ्या. चित्र आणि आवाज जुळवायला सुरुवातीला एक टाळी, शेवटी एक टाळी. बहुतेक मोबाईलचा फ्रेम रेट (सेकंदाला किती चित्रं) कमीजास्त होत राहतो, त्यामुळे लांब मुलाखतीत ओठ आणि आवाज हळूहळू एकमेकांपासून सुटतात. शेवटच्या टाळीवर फरक किती पडला ते कळतं. हँडब्रेक नावाच्या सॉफ्टवेअरमधून फ्रेम रेट कायम करून घ्या, फुकट आहे. कॅमेरा भाड्याने आणलात तर आधी विचारा, कारण जुन्यांपैकी बरेच २९ मिनिटं ५९ सेकंदांवर आपोआप थांबतात. युरोपातली जकात चुकवायला घातलेली मर्यादा, भोगतोय आपण. राहिला तुमचा सांधा. हातांचे, भट्टीचे, भांड्यांचे शॉट वेगळे घेऊन ठेवा आणि कट त्यांच्याखाली लपवा. काकांचा चेहरा सतत दिसला पाहिजे असं कोण म्हणालं?

प्रतिसाद ३
मी हिंजवडीच्या बसमध्ये उभ्याने ऐकणारा. व्हिडिओ सुरू केला की लोक ऑडिओवाल्यांना विसरतात. "हे बघा, हे असं धरायचं." आम्ही काय बघणार, पुढच्याची बॅग? कॅमेरा असला तरी तोंडाने सांगत जा की काकांनी घंगाळ पालथं केलं, आता बुडाला ठोकतायत.

मूळ धागाकर्ती
सगळ्यांचे आभार. भावाला धागा वाचायला लावला. मुलाखत ऑडिओच ठेवतोय. कॅमेरा फक्त काम चालू असताना लावायचा, त्याची चार-पाच मिनिटांची वेगळी फिल्म, आणि तिच्यावर त्याच मुलाखतीतला आवाज. म्हणजे साडी बदलायचा प्रश्न येणार नाही. भावाला शॉर्ट्सही हव्यात. यूट्यूबच्या जाहिरातींच्या पैशांसाठी १००० सबस्क्रायबर आणि वर्षात ४००० तास बघणं लागतं, नाहीतर तासांऐवजी ९० दिवसांत शॉर्ट्सचे १ कोटी व्ह्यूज. साहेबांची नजर १ कोटीवर आहे. असू दे.

एक राहिलंच. तांबट आळीत शेजारच्या दुकानांतही एकाच वेळी ठोके चालू असतात आणि कॉलर माइकमध्ये काकांचं बोलणं बुडतं. तोंडाजवळ धरायचा डायनॅमिक माइक घेतला तर ठोके पुरेसे मागे जातील का? तपकीर गल्लीत, म्हणजे पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, कुणी अलीकडे असा माइक घेतला असेल तर किंमत सांगा, आणि दुकानात लावून बघू देतात का तेही.