प्रबंधाचे एकच प्रकरण पुन्हा पुन्हा लिहिण्यातून बाहेर कसे पडावे?

प्रश्न : संशोधक विद्यार्थिनी, राजारामपुरी
मी शिवाजी विद्यापीठात मराठी विषयात पीएच.डी. करत आहे. पहिले प्रकरण मार्गदर्शकांनी मान्य केले आहे, तरीही दर वाचनात एखादे वाक्य खटकते, ते सुधारता सुधारता सगळा परिच्छेद मोडावा लागतो आणि दुसऱ्या प्रकरणाची टिपणे तशीच पडून राहतात. कामाचा दर्जा न सोडता पुढे कसे जावे, हे कृपया कोणी सांगेल का?

उत्तर : समुपदेशक, ताराबाई पार्क
ताई, चांगल्याचा आग्रह हा दोष नव्हे. त्यावर स्वतःची किंमत ठरवणे मात्र घातक असते. पॉल ह्यूइट आणि गॉर्डन फ्लेट या मानसशास्त्रज्ञांनी 1991 मध्ये या आग्रहाचे तीन प्रकार मांडले : स्वतःकडून परिपूर्णतेची अपेक्षा, इतरांकडून तशी अपेक्षा आणि लोक आपल्याकडून ती अपेक्षा करतात अशी समजूत. यांतील तिसऱ्या प्रकाराचा नैराश्याशी जवळचा संबंध आढळतो. मार्गदर्शकांनी प्रकरण मान्य केले असताना ‘हे कमी पडते’ असे नेमके कोण म्हणत आहे, ते एकदा कागदावर लिहून पाहा.

उत्तर : मूर्तिकार, शाहूपुरी कुंभार गल्ली
आमच्या कामाची मुदत गणेश चतुर्थीच ठरवते, त्यामुळे कोठे थांबायचे हे आधीच ठरवावे लागते. शाडूची मूर्ती वाळली की तडे बुजवून, पॉलिश पेपरने घासून आम्ही तिला पांढऱ्या रंगाचा हात देतो. पाठीची बाजू स्वच्छ आणि एकसारखी झाली की तेथे पुन्हा हात लावत नाही. डोळ्यांच्या आखणीसाठी मात्र सकाळचा उजेड आणि ताजा हात राखून ठेवतो, कारण बुबुळ केसभर सरकले तरी मूर्तीची नजर बदलते. आपल्या प्रबंधातही जीव ओतावा अशा जागा थोड्याच असतील. त्या आधी निवडा, म्हणजे इतर ठिकाणी नेटके काम पुरेसे वाटेल.

उत्तर : निवृत्त प्राध्यापिका, नागाळा पार्क
वरील मत मला पटते, परंतु त्यात एक भर घालते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022 च्या नियमांनुसार पीएच.डी.ची सर्वसाधारण कमाल मुदत सहा वर्षे आहे, आणि ती संपूर्ण प्रबंधाची आहे, एका प्रकरणाची नव्हे. म्हणून मार्गदर्शकांच्या पुढील भेटीत दुसऱ्या प्रकरणाचा कच्चा मसुदा, संदर्भ अर्धवट असले तरी, त्यांच्या हाती द्यावा. तो अपुरा दिसेल याची भीती बाळगू नये, कारण मसुद्यावर चर्चा करणे हे मार्गदर्शकांचे कामच असते. पहिल्या प्रकरणातील खटकणाऱ्या जागा वेगळ्या वहीत टिपून ठेवाव्यात; निष्कर्ष लिहून झाल्यावर ते प्रकरण तसेही पुन्हा हाती घ्यावे लागते, आणि तोवर त्यांतील पुष्कळशा जागा बदलण्याची गरज उरलेली नसते.