अनुभव: निळ्या टोपीतली घरची माणसं – आयरिश शांतिसैनिकांचा माग काढताना

धागाकर्ती, अ‍ॅथलोन

आयर्लंड कुठल्याच लष्करी गटात नाही. पण १९५८ साली इथले पन्नास अधिकारी निरीक्षक म्हणून लेबनॉनला गेले, आणि तेव्हापासून आजपर्यंत आयरिश सैनिक जगात कुठे ना कुठे युनोच्या कामावर आहेतच. १९६० ते ६४ काँगो, मग सायप्रस, १९७८ पासून दक्षिण लेबनॉन. काँगोच्या वेळी देशाची लोकसंख्या तीस लाखांच्याही आत होती. एवढ्याशा देशातून हजारो माणसं गेली, त्यामुळे इथे लग्न करून आलेल्या किंवा नोकरीला आलेल्या आपल्यापैकी अनेकांना असं एखादं घर भेटतंच.

माझं सासर त्यातलंच. आजेसासरे १९६१ मध्ये ३५ व्या बटालियनबरोबर काँगोला गेले होते, सासरे पुढे लेबनॉनला. आजेसासऱ्यांबद्दल घरात माहीत होतं ते इतकंच की ते 'आफ्रिकेत होते'. एक पदक होतं, त्यावर नाव नव्हतं. आजेसासूबाई गेल्यावर कपाट आवरताना सर्व्हिस नंबर लिहिलेला एक कागद सापडला आणि तिथून पुढे रस्ता मिळाला.

डब्लिनच्या रॅथमाइन्स भागात काहल ब्रूहा बराकीत मिलिटरी आर्काइव्ह्ज आहे. मृत सैनिकाची वैयक्तिक फाइल जवळच्या नातेवाइकांनाच मिळते. मृत्यूचा दाखला आणि नात्याचा पुरावा लागतो. म्हणून अर्ज सासऱ्यांच्या नावाने केला. फाइल आली ती चार पानांची. भरतीची तारीख, उंची, लसी, तुकडी, शेरा. सासरे ती उलटीपालटी करून पाहत राहिले. 'हे तर कुणाचंही असू शकेल,' एवढंच बोलले.

खरा ऐवज बटालियनच्या टंकलिखित इतिहासात निघाला. तिथे साध्या शिपायाचं नाव क्वचितच येतं, पण त्याची कंपनी कोणत्या दिवशी कुठे होती ते येतं. कुठला पूल मोडला होता, कोणत्या रस्त्यावर गस्त होती, काँगोतल्या एलिझाबेथव्हिल शहरातल्या छावणीत बालुबा जमातीच्या निर्वासितांचे लोंढे कसे येत होते. फाइलमधल्या तारखा हातात घेऊन हे वाचलं तेव्हा सासऱ्यांना वडील पहिल्यांदाच कुठेतरी उभे असलेले दिसले. माझं ठाम मत आहे की फक्त फाइल मागवून थांबू नये. ती कुलूप आहे की किल्ली हे तुकडीच्या नोंदी वाचल्याशिवाय कळत नाही.

तुमच्या सासरचे, शेजारचे, ओळखीचे अनुभव लिहा. कुणा खाजगी माणसाचं नाव मात्र नको.

परिचारिका, मिडलँड्समधलं एक नर्सिंग होम

त्यांच्या मुलीला विचारून लिहिते आहे. ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही.

आमच्याकडे एक आजोबा होते. स्मृती बरीच गेलेली. रात्री उठून पाणी मागायचे, आणि ग्लास हातात दिला की पिण्याआधी त्याचा वास घ्यायचे. दर वेळी. मी ते नोंदवहीत लिहिलं आणि मुलगी भेटायला आली तेव्हा तिला सांगितलं. तिलाही त्याचा अर्थ लागला नाही. वडील जादोव्हिलला होते एवढं तिला माहीत होतं, पण तेही कुटुंबाला फार उशिरा कळलेलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. सप्टेंबर १९६१ मध्ये काँगोतून फुटून निघालेल्या काटांगा प्रांतातल्या जादोव्हिल या खाणींच्या गावी कमांडंट पॅट क्विनलन यांच्या हाताखाली दीडशेहून थोडे जास्त आयरिश जवान होते. १३ तारखेला हल्ला सुरू झाला. समोर काटांगाचं सैन्य आणि भाडोत्री गोरे अधिकारी, वरून विमानाचा मारा. त्यांना सोडवायला निघालेली तुकडी लुफिरा नदीच्या पुलावर अडली. दुसऱ्या प्रयत्नात तिच्यात आपले भारतीय गोरखाही होते. पाणी तोडलेलं होतं. एक हेलिकॉप्टर कसंबसं पाणी घेऊन उतरलं, तर ज्या डब्यांतून ते आणलं त्यांत आधी इंधन भरलेलं होतं. पाणी पिण्याजोगं नव्हतं. १७ तारखेला दारूगोळा संपत आल्यावर त्यांनी शस्त्रं खाली ठेवली. एकही जवान मेला नव्हता. ऑक्टोबरच्या अखेरीस कैदेतून सुटले.

घरी आल्यावर त्यांच्या वाट्याला कौतुक आलं नाही. शरण गेले म्हणून 'जादोव्हिल जॅक' असं हिणवलं गेलं, आणि बहुतेकांनी तोंड मिटून घेतलं. सरकारने तुकडीचा गौरव केला तो २०१६ साली, पदकं दिली २०१७ साली. पंचावन्न वर्षं! तोवर किती जण गेले होते.

मुलीने वासाची गोष्ट माजी शांतिसैनिकांच्या स्थानिक शाखेत एका म्हाताऱ्या काकांना सांगितली. पाण्याच्या डब्यांची हकीगत तिने त्यांच्याकडून ऐकली. त्यानंतर ती स्वतः आमच्याकडे रात्रीची थांबली. वडिलांसमोर बाटलीचं झाकण उघडायची, आधी स्वतः प्यायची, मग त्यांना द्यायची.

सेवा करणाऱ्या आपल्या लोकांना माझी विनंती आहे. असं काही दिसलं तर लिहून ठेवा आणि घरच्यांना सांगा. ते कुठल्याच दप्तरात नसतं.

सातारा

ताई, आमचं नातं आयरिश सैन्याशी नाही, पण कदाचित तुमच्यातलं कुणी मदत करू शकेल. माझे वडील आर्मी मेडिकल कोअरमध्ये नर्सिंग असिस्टंट होते आणि युनोच्या कामावर काँगोला गेले होते. त्यांच्या ट्रंकेत एक फोटो आहे. वडील, शेजारी एक उंच गोरा जवान, मागे चिलखती गाडी. पाठीमागे वडिलांच्या अक्षरात 'मित्र, जाने. ६२, एलिझाबेथव्हिल'. नाव नाही. हा जवान स्वीडिश असेल की आयरिश, तेही आम्हाला ठाऊक नाही. वडिलांची सेवेची माहिती लखनौच्या रेकॉर्ड ऑफिसकडून मिळवायची खटपट चालू आहे. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातल्या साहेबांनी अर्ज नीट लिहून दिला.

धागाकर्ती

काका, फोटो दोन्ही बाजूंनी स्कॅन करून पाठवा. गाडी स्पष्ट दिसली पाहिजे. इथल्या जुन्या लोकांना दाखवते.

कॉर्क

सगळे सैनिकाबद्दल लिहितात, मी सासूबाईंबद्दल लिहिते. लेबनॉनची नेमणूक सहा महिन्यांची असायची. १९८० साली त्या पंचविशीतल्या, पदरात दोन मुलं, बराकीजवळच्या घरात एकट्या. बातमी कळायची रेडिओवर. 'आयरिश सैनिक' हे शब्द ऐकू आले की गल्लीतल्या सगळ्या बायका दारात यायच्या, आणि कुणाच्या दारापुढे पाद्रीबाबांची गाडी थांबते ते बघत राहायच्या.

सासऱ्यांची पत्रं त्यांनी सगळी जपली आहेत. त्यांनी सासऱ्यांना लिहिलेलं एकही उरलेलं नाही; छावणीत कोण कशाला ठेवणार? आम्ही पत्रांच्या तारखा लावून घेतल्या आणि त्या महिन्यांच्या घडामोडींशी ताडून पाहिल्या. एप्रिल १९८० मध्ये अत-तिरी गावावरून साद हद्दाद या इस्रायलच्या पाठिंब्यावरच्या लेबनीज म्होरक्याच्या सैन्याशी चकमक झाली. तिच्यात एक आयरिश आणि एक फिजियन जवान कामी आला. काही दिवसांनी आणखी दोन आयरिश जवानांना पळवून नेऊन ठार मारलं. त्याच आठवड्यातलं सासऱ्यांचं पत्र आहे. त्यात धाकट्याचे दात आले का, छपराची गळती थांबली का, आणि फाटकाशी येणाऱ्या मिंगीवाल्याकडून पितळेची कॉफीची किटली घेतली आहे, एवढंच. (चौक्यांबाहेर माल विकणाऱ्या तिथल्या दुकानदारांना आयरिश जवान मिंगी म्हणत.)

सासूबाईंनी ते पत्र आणि त्या घडामोडींची नोंद शेजारी ठेवून वाचली. म्हणाल्या, 'मला वाटायचं त्याला लिहायला काही सुचत नाही.'

ती किटली अजून घरात आहे, पण मला जास्त मोलाची वाटतात ती पत्रं. आणि सासूबाईंचं सांगणंही रेकॉर्ड करायला घेतलं आहे. कारण त्या सहा महिन्यांची या घराची नोंद कुठल्याही सरकारी कागदात नाही.

डब्लिन ९

छोटा प्रश्न. बायकोच्या आजोबांची फाइलमधली जन्मतारीख चर्चमधल्या नोंदीशी जुळत नाही. दुसऱ्याच कुणाची फाइल आली असेल का?

धागाकर्ती

असेलच असं नाही. वय वाढवून भरती होणारी पोरं तेव्हा बरीच होती. काँगोला गेलेल्यांत सोळा-सतरा वर्षांचेही होते. जन्मतारखेवर अडून बसू नका. सर्व्हिस नंबर, आईवडिलांची नावं आणि पत्ता जुळतो का ते बघा. कुटुंबाकडे 'अन कोसान्टोर'चे जुने अंक असतील तर चाळा. सैन्याचं हे मासिक १९४० पासून निघतं आणि त्यात तुकड्यांचे फोटो असतात.

लिमरिक

माझा नवरा वडिलांच्या मागावर लेबनॉनला जाऊन आला, परिस्थिती बरी होती तेव्हा. तिबनीन गावात मेलेल्या आयरिश जवानांचं स्मारक आहे, एकेकाचं नाव कोरलेलं. गावातली चाळिशी-पन्नाशीतली माणसं इंग्रजी बोलतात ती आयरिश वळणाने, कारण लहानपणी ती चौक्यांवरच्या जवानांकडूनच शिकली. एका दुकानदाराने नवऱ्याला वडिलांच्या ठाण्याची जागा दाखवली. तिथे आता जैतुनाची झाडं आहेत. वडिलांचं नाव त्याला आठवत नव्हतं, पण त्या ठाण्यावरच्या जवानांनी शाळेला दिलेल्या बाकांची आठवण होती. नवऱ्याला तेवढंही पुष्कळ वाटलं.

सगळ्यांना तेवढंही मिळत नाही. १९८१ मध्ये एका चौकीवरून पळवून नेलेल्या आयरिश जवानाचा देह आजतागायत सापडलेला नाही. त्या कुटुंबाबद्दल बोलताना इथली माणसं अजून आवाज खाली आणतात. आणि आता सुरक्षा परिषदेने लेबनॉनमधलं युनोचं हे दल २०२६ च्या अखेरीस बंद करायचं ठरवलं आहे. ज्यांना ठाणी, रस्ते, गावं दाखवणारी माणसं हवी आहेत त्यांनी निदान नकाशे आणि फोटो तरी आत्ताच गोळा करावेत.

सातारा

ताईंनी कळवलेलं इथे लिहितो, म्हणजे बाकीच्यांनाही उपयोग होईल. गाडीवरून कळलं. ती आयर्लंडमध्येच बांधलेली फोर्डची चिलखती गाडी आहे, असं तिथल्या दोन माजी सैनिकांनी वेगवेगळं पाहून सांगितलं. आणि जानेवारी ६२ मध्ये एलिझाबेथव्हिलला आयरिशांची ३६ वी बटालियन होती. महिनाभर आधीच शहरात मोठी लढाई झाली होती, त्यांनी रेल्वेखालचा बोगदा लढून घेतला होता. भारतीय ब्रिगेडही त्याच शहरात लढली. कॅप्टन गुरबचन सिंग सलारियांना परमवीर चक्र मिळालं ती लढाई तीच.

त्या जवानाचं नाव अजून कळलेलं नाही. त्याचा डावा हात फोटोत बँडेजमध्ये आहे, हे आम्हाला इतकी वर्षं दिसलंच नव्हतं; स्कॅन मोठा करून पाहिल्यावर दिसलं. म्हणजे तो बहुधा वडिलांचा पेशंट असावा. ३६ व्या बटालियनमधला, हाताला जखम झालेला, खूप उंच, उजव्या भुवईवर व्रण. तुमच्यापैकी कुणाच्या घरात असा फोटो, असा माणूस असेल तर ताईंना कळवा. आमच्याकडे वडिलांची त्या वर्षीची डायरी आहे, मोडीमिश्रित मराठीत. पुढच्या महिन्यात मुलगी घरी येते आहे, तेव्हा आम्ही दोघं ती वाचायला बसणार आहोत.