मदत हवी आहे: मायग्रेन नेमका कशाने उठतो, हे शोधायचं कसं?

नमस्कार मंडळी,

अर्धशिशी कॉलेजपासूनची आहे. पण तेव्हा ती महिन्या-दोन महिन्यांनी पाहुण्यासारखी येऊन जायची, गेल्या दिवाळीपासून मुक्कामालाच आली आहे. उजव्या कानशिलात ठणके, उजेड नको, फोडणीचा वास तर अजिबात नको, मग मळमळ. उलटी झाली की तासाभरात उतार.

न्यूरॉलॉजिस्टना दाखवलं, एमआरआय नॉर्मल आला. त्यांनी 'क्रॉनिक मायग्रेन' असं लिहिलं. म्हणजे तीन महिन्यांहून जास्त काळ, दर महिन्याला १५ किंवा त्याहून जास्त दिवस डोकं दुखतं आणि त्यातले निदान ८ दिवस तरी मायग्रेनच्या लक्षणांचे असतात. प्रोप्रॅनोलॉल (अटॅक येऊ नयेत म्हणून रोज घ्यायचं औषध) सुरू केलंय. "ट्रिगर शोधा" म्हणाले, आणि मी "कसे?" विचारेपर्यंत पुढचा पेशंट आत आला होता.

घरीदारी प्रत्येकाकडे उत्तर तयार आहे. सासूबाईंच्या मते हे शंभर टक्के पित्त आहे, त्यामुळे तुरीचं वरण आणि आंबट बंद. ऑफिसातली मैत्रीण गहू सोड म्हणते. भाऊ म्हणतो चॉकलेट, चीज आणि चायनीजमधला अजिनोमोटो. सगळ्यांचं ऐकायचं ठरवलं तर ताटात मऊ भात आणि दुधी एवढंच उरेल, आणि दुधीवरही कुणीतरी शंका घेईलच.

मी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर, जिथे दुधाचा हिशोब लिहितो त्याच चौकोनात, डोकं दुखलं की 'डो' लिहायला लागले. खूप दुखलं तर दोनदा. त्यातून दिसलं ते असं: संकष्टीला जवळपास दर वेळी 'डो'. दिवसभर साबुदाण्याची खिचडी आणि चहा, चंद्रोदय रात्री नऊ-साडेनऊला, आणि डोकं संध्याकाळीच सुरू. मला दाण्याच्या कुटाचा संशय होता, पण एरवी दाण्याची चटणी रोज खाते, तेव्हा काही होत नाही. पाळीच्या आधीचे दोन दिवस तर ठरलेलेच. एप्रिल-मेमध्ये दुपारी स्कूटरवरून सिंहगड रोडने आले किंवा वळवाचं आभाळ दाटून आलं, तरी 'डो'.

आणि रविवार! रविवारी आम्ही उशिरा उठतो. चहा दहाला (एरवी सहाला), मग मी केस धुते, मग सगळे मिळून मिसळ खायला जातो. दुपारी तीनला मी पडदे ओढून आडवी. आता यात गुन्हेगार कोण? मिसळ, चहा, झोप की न्हाणं? चॉकलेटचंही तसंच. खाल्लं की दुसऱ्या दिवशी हमखास दुखतं, पण ते खावंसं वाटतं तेही त्याच सुमारास.

तर प्रश्न असे. एकाच दिवशी चार गोष्टी घडत असतील तर त्या सुट्या कशा करायच्या? दोनशेहून जास्त पदार्थ रक्तातून तपासणारी ती 'फूड इनटॉलरन्स' टेस्ट करावी का? बरीच महाग आहे, पण घरी येऊन रक्त नेतात. आणि पदार्थ वगळून बघायचे असतील तर किती दिवस?

योगासनं करते, पाणी पिते. कृपया तेवढंच सांगायला प्रतिसाद देऊ नका.

— सिंहगडरोडकर

कांदेपोहे:
ताई, माझ्या मते मिसळ निर्दोष आहे. मी अशाच रविवारच्या डोकेदुखीतून गेलोय. शनिवारी शेवटचा चहा पाचला आणि रविवारचा पहिला दहाला, म्हणजे सतरा तास झाले. रोज चहातून कॅफीन घेणाऱ्याचं ते तुटलं की साधारण १२ ते २४ तासांत डोकं धरू शकतं. शिवाय आठवड्याची झोपेची वेळ एकदम बदलणं मायग्रेनवाल्यांना सोसत नाही, आणि मिसळीपर्यंत पोट रिकामंच.

चार गोष्टी एकदम बंद करू नका, नाहीतर बरं वाटलं तरी कशाने ते कळणार नाही. पुढचे काही रविवार फक्त उठायची आणि चहाची वेळ रोजचीच ठेवा. चहा झाल्यावर पुन्हा झोपलात तरी चालेल. न्हाणं आणि मिसळ आहे तशीच. 'डो' गेला तर मिसळ सुटली, नाही गेला तर न्हाणं शनिवारी ढकला. चहा मात्र एका झटक्यात सोडू नका, आठवडाभर रोजच डोकं धरून बसाल.

चॉकलेटबद्दल: मायग्रेनची सुरुवात ठणक्याच्या किती तरी आधी होते, काहींना एक-दोन दिवस आधी. जांभया, मान आखडणं, सारखं लघवीला जाणं, चिडचिड आणि गोडाची तलफ. म्हणजे तलफ आली तेव्हाच अटॅक निघालेला असू शकतो, आणि आळ येतो चॉकलेटवर. ज्या दिवशी तलफ नसेल त्या दिवशी मुद्दाम खाऊन बघा. असा प्रयोग कोण सांगतो हो!

रसायनी:
लॅबमध्ये काम करते, म्हणून टेस्टबद्दल तेवढं सांगते. या पॅकेजमध्ये बहुतेक आयजीजी नावाच्या अँटिबॉडी (रक्तातली प्रतिकारशक्तीची प्रथिनं) मोजतात. आयजीजी सापडणं म्हणजे तुम्ही तो पदार्थ खाता आणि शरीराला तो ओळखीचा आहे, इतकंच. त्यामुळे रोज जे खातो तेच बऱ्याचदा लाल रंगात येतं: गहू, दूध, डाळी. युरोपातल्या अ‍ॅलर्जीतज्ज्ञांच्या संघटनेने २००८ सालीच आयजीजी४ची (आयजीजीचाच एक प्रकार) अशी चाचणी निदानासाठी करू नये म्हणून लिहून ठेवलंय. खऱ्या अ‍ॅलर्जीसाठी आयजीई या दुसऱ्या अँटिबॉडीची तपासणी वेगळी, पण तुमची लक्षणं अ‍ॅलर्जीची वाटत नाहीत.

पदार्थ वगळायचाच तर एका वेळी एकच, साधारण चार आठवडे, आणि मग तो परत सुरू करून बघायचा. परत आणायची पायरी लोक गाळतात आणि जन्मभर उगाच गव्हाविना राहतात. संशय घ्यायचाच तर मुरलेलं चीज, दारू (विशेषतः रेड वाइन), नायट्राइट घातलेलं सॉसेज-सलामी यांच्यापासून सुरुवात करा. अजिनोमोटोचा बोलबाला जास्त, पुरावा तोकडा. तुरीच्या वरणाबद्दल मी कुठेही काही वाचलेलं नाही, सासूबाईंची माफी मागून.

शनिवारपेठ:
सासूबाईंची बाजू घ्यायला कुणी नाही म्हणून मी आले! आमच्या पिढीला उलटी झाली की डोकं थांबतं हे दिसत होतं, म्हणून पित्त म्हटलं, त्यात वेडेपणा काही नव्हता. असो. संकष्टी सोडू नका हो, पण उपास म्हणजे उपाशी राहणं नव्हे. सकाळी वेळेवर दूध-राजगिरा लाही, अकराला फळ, दुपारी वरीचे तांदूळ आणि दाण्याची आमटी, चारला ताक. नुसत्या साबुदाण्यावर आणि चहावर चंद्राची वाट बघितली तर धडधाकट माणसाचंही डोकं उठेल. गणपती काही रागावणार नाही.

गोळीबारमैदान:
फिजिशियन आहे, इथे निदान करत नाही. पण धाग्यात एक गोष्ट कुणी विचारली नाही: दुखल्यावर गोळी कुठली घेता आणि महिन्यातून किती दिवस? नुसतं पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेन महिन्याला १५ किंवा जास्त दिवस, आणि कॅफीन मिसळलेल्या कॉम्बिनेशनच्या गोळ्या किंवा ट्रिप्टान (मायग्रेनच्या अटॅकवरच्या खास गोळ्या) १० किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांहून जास्त चाललं तर गोळ्यांमुळेच डोकेदुखी वाढू शकते. अशा वेळी आहारातलं काहीही वगळून फरक दिसत नाही.

पित्ताबद्दल: मळमळ-उलटी हा मायग्रेनचाच भाग आहे. अटॅकमध्ये जठराचं काम मंदावतं, म्हणून उशिरा घेतलेली गोळी पोटातच पडून राहते. डॉक्टर सोबत उलटीचं औषध देतात ते यासाठी. प्रोप्रॅनोलॉलला दोनेक महिने द्या, मनाने बंद करू नका. हे औषध दम्यात चालत नाही, तेव्हा दमा असेल आणि डॉक्टरांना सांगितला नसेल तर आजच फोन करा. आणि एकदम कडाडून आलेली, आयुष्यात कधी नव्हती अशी डोकेदुखी, सोबत ताप आणि मान ताठ, हातपाय लुळे, बोलणं अडखळणं यातलं काही झालं तर कॅलेंडर सोडून थेट हॉस्पिटल.

न्हाण्याचं हसण्यावारी नेऊ नका. मुंबईचे डॉ. के. रविशंकर यांनी २००६ मध्ये डोक्यावरून न्हाल्यावर मायग्रेन उठणाऱ्या ९४ भारतीय रुग्णांची निरीक्षणं छापली आहेत.

सिंहगडरोडकर:
सगळ्यांचे मनापासून आभार. डॉक्टर, गोळी कॉम्बिनेशनची आहे, आताच पाकिटावर बघितलं: पॅरासिटामॉल आणि कॅफीन. दिवस मोजलेले नाहीत, पण दहाच्या खाली नक्कीच नाहीत. आजपासून चौकोनात 'डो'च्या शेजारी 'गो' लिहिणार आणि पुढच्या अपॉइंटमेंटला कॅलेंडरची पानंच घेऊन जाणार. दमा नाही.

टेस्टचं बुकिंग रद्द केलं. रविवारी चहा सहाला, नवऱ्याने करायचं कबूल केलंय (लेखी घेतलेलं नाही). शनिवारपेठ काकू, तुमचा प्रतिसाद सासूबाईंना वाचून दाखवला. त्या खूश, वरण परत सुरू. दाण्याच्या आमटीत कोकम घालता की ताक, ते मात्र विचारायला सांगितलंय.

पाळीच्या आधीच्या दोन दिवसांचं काय करायचं ते राहिलंच. तारीख माझी बरीचशी ठरलेली असते. तेवढ्याच दिवसांपुरतं आधीपासून औषध घेतलेलं कुणी आहे का?

गोळीबारमैदान:
असं देतात, आणि पाळी नियमित असेल तर उपयोगही होतो. पण तुमच्या बाबतीत आधी गोळ्यांचा हिशोब लागू दे. हा प्रश्न त्याच पानावर लिहून न्या आणि डॉक्टर पुढचा पेशंट बोलवायच्या आत विचारा.

शनिवारपेठ:
कोकम.