नागपूरच्या महाल-इतवारीत भावासोबत एक दुपार: सुरुवात कुठून करू?

केळीबागची_पोर

शनिवारी माझा धाकटा भाऊ बंगळूरहून येतोय. दोनच रात्रींचा मुक्काम, त्यातही एक लग्न आहे. शनिवारी एक ते सहा एवढा वेळ काय तो आम्हा दोघांचा. मी फुटाळा तलावाचं विचारलं तर म्हणाला, "फुटाळा नको, मॉल नको. ताई, महालात फिरू."

१९९४ पर्यंत आम्ही महालात भाड्याच्या दोन खोल्यांत राहायचो, बडकस चौकापासून हाकेच्या अंतरावर. मी अकरावीत होते, तो दुसरीत. मग बाबांनी मनीषनगरकडे घर बांधलं आणि महाल सुटला. मी नागपुरातच असते खरी, पण तिकडे जाणं होतं ते वर्षातून एकदा, साड्या घ्यायला. गल्ल्या पायांना पाठ आहेत. आता कुठली वन-वे आणि कुठली खणून ठेवलेली, ते मात्र ठाऊक नाही.

गाडी कुठे लावायची? दुपारी दोनला काय उघडं असतं? त्याला तर्री-पोहे खायचेत, ते त्या वेळी मिळतील का? आणि पोळा आठवड्यावर आलाय, तेव्हा तान्ह्या पोळ्याला पोरं ओढतात ते लाकडी बैल हल्ली कुठे मांडतात तेही सांगा. त्याच्या बैलाचं एक जुनं प्रकरण आहे. घर बदलताना तो बैल हरवला, आणि शेजारच्या पोराला मीच देऊन टाकला असा आळ तो तीस वर्षं माझ्यावर घेतोय. (दिला होता. पण त्याला माहीत नाही.)

---

तर्री_जास्त_मार

ताई, गाडी नेऊच नका. मागच्या दिवाळीत मी नेली होती. दीड तास जागा शोधली आणि शेवटी जॅमर काढायला पैसे भरून घरी आलो, खरेदी शून्य. सीताबर्डीवरून प्रजापतीनगरकडे जाणारी मेट्रो धरा आणि चितार ओळी चौकाला उतरा. तिथून महाल अन् इतवारी, दोन्ही पायी.

दोन वाजता पोहे? तोवर पातेली घासून पालथी पडलेली असतात. कुठे मिळालेच तर ते सकाळचे असणार आणि तर्रीत चणे कमी, पाणी जास्त. दुपारी सावजी खा नाहीतर पाटोडी-रस्सा. भाऊ बंगळूरचा झाला असेल तर तिखट आधी बोटावर घेऊन बघा म्हणावं.

---

नंदनवनचा_बंड्या

मी मागच्या वर्षी हेच केलं, माझ्या मोठ्या बहिणीसोबत. ती वर्ध्याला असते. रविवारी गेलो हीच चूक झाली. नाव इतवारी, आणि इतवारीच अर्धी शटरं खाली. सराफा ओळीत दोन कुत्री झोपलेली, लोहा ओळीत एक हमाल हातगाडीवर आडवा. ताई म्हणाली, "तू मला सुट्टी दाखवायला आणलं का बे?" तुम्ही शनिवारी जाताय, बरं आहे.

पण त्यामुळे आम्ही चितार ओळीत टिकलो. नुसतं गणपती बघत पुढे सरकू नका, कोणी डोळे आखत असेल तर थांबा. आम्हाला एक म्हातारे कारागीर दिसले. बाकी मूर्ती रंगून तयार, फक्त डोळ्यांच्या जागी कोरे पांढरे बदाम. त्यांनी बारीक ब्रश जिभेवर ओला केला, टोक बोटांनी पिळून सुईसारखं केलं आणि श्वास रोखून वरच्या पापणीची काळी रेघ एका दमात ओढली. उजवा डोळा झाला. डाव्याला सुरुवात करणार, तेवढ्यात वर न बघताच म्हणाले, "बाई, उजेड सोडा." ताई दारात उभी होती, तिची सावली देवाच्या तोंडावर. ती बाजूला झाली, मग दुसरी रेघ. दोन्ही डोळे जुळेपर्यंत आम्ही एक शब्द बोललो नाही, आणि आमच्या घरात हे फार दुर्मिळ आहे.

पोळ्याचा आठवडा आहे तर जागनाथ बुधवारीत पिवळी मारबत, म्हणजे मिरवणुकीचा तो मोठा पुतळा, बघून घ्या. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मिरवणुकीच्या गर्दीत फक्त तिचं डोकं दिसतं. आधी गेलात तर बांबूच्या कामट्या, कागद, कापड, सगळं हातभरावरून दिसतं. काळी मारबत १८८१ पासून निघते, पिवळी १८८५ पासून. बैल बडकस चौकातच बघा, फुटपाथवर मांडतात.

---

जुम्मा_दरवाजा

एक भर घालतो. फिरताना नावांतल्या वारांकडे लक्ष ठेवा. १७०२ मध्ये देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शहा याने वाड्या-वस्त्या जोडून हे गाव वसवलं. त्याच्या मुलाने, चांद सुलतानाने, गावाला कोट घातला आणि तळं बांधलं. ते तळं जुम्मा तलाव, पुढे शुक्रवारी तलाव, आता गांधीसागर. जुम्मा म्हणजे शुक्रवारच, म्हणजे दोन नावांत वार एकच राहिला. कोटाचा जुम्मा दरवाजा अजून उभा आहे, आपण त्याला गांधी गेट म्हणतो. समोर शिवाजी महाराजांचा पुतळा, त्यामुळे दरवाजाकडे कोणी बघत नाही. पुतळ्याला पाठ करून दोन मिनिटं कमानीकडे बघा. भोसल्यांचा जुना राजवाडा १८६४ च्या आगीत गेला, कमान त्याआधीची आहे.

---

केळीबागची_पोर

सगळ्यांचे आभार. जाऊन आलो. सांगते.

मेट्रोने गेलो. चितार ओळीत डोळे काही बघायला मिळाले नाहीत, पावसाने सगळं थांबलं होतं. ताडपत्रीखाली ओल्या मूर्ती, समोर हॅलोजन लावलेले. एक पोरगा गणपतीच्या पोटाला हात लावून ओल बघत होता, आई तापलेल्या लेकराचं कपाळ बघते तसा. भाऊ म्हणाला, "आपण इथून शाडू चोरायचो." मी चोरत नव्हते. तो चोरायचा, मी पहारा द्यायची.

मग जागनाथ बुधवारीत गेलो. मारबत बसली होती, पिवळी धमक, आणि मला आठवत होती तेवढी प्रचंड नव्हती. भावाला उलट वाटलं, त्याला ती आणखी मोठी वाटली. यावर अर्धा तास वाद. परतताना वारांचा खेळ सुरू झाला: इतवारी, सोमवारी, मंगळवारी, बुधवारी, शुक्रवारी, शनिचरी. गुरुवार काही सापडेना. एका पानवाल्याला विचारलं तर म्हणाला, "गुरुवारी उपास असते ना भाऊ, बाजार कायले?"

आमचं घर गेलंय. तिथे तीन मजली इमारत आणि खाली मोबाइल कव्हरचं दुकान. मागची विहीर मात्र आहे, जाळी टाकलेली. भावाने जाळीतून खडा टाकला आणि आवाज यायच्या आत मोजायला लागला, लहानपणी मोजायचा तसा. तीन म्हणेपर्यंत डुबुक. "पाणी वर आलंय," म्हणाला.

आता बैल. बडकस चौकात मांडलेच होते, वीतभरापासून वासराएवढ्यापर्यंत. त्याने एक मधला उचलला आणि सगळ्यात आधी उलटा केला. चाकाला खिळा आहे की स्क्रू, ते बघत होता. खिळा होता, वाकवून ठोकलेला. तिथे मला राहवलं नाही. सांगून टाकलं की तुझा बैल मीच दिला होता, ट्रकमध्ये जागा नव्हती आणि ते पोरगं रडत होतं.

त्याने बैल सरळ केला, खाली ठेवून जरासा ओढून बघितला. म्हणाला, "मला माहीत आहे. दुसऱ्या वर्षी मारबत बघायला आलो होतो ना आपण? तेव्हा तो त्याच बैलाला दोरी बांधून तान्ह्या पोळ्याला निघाला होता. शिंगाला मी लावलेला निळा ऑइलपेंट होता."

मग तीस वर्षं माझ्या डोक्यावर का बसला होतास? तर म्हणे, "मी बैलाचं नाव काढलं की तू संत्रा बर्फी पाठवायचीस."

हे खरं आहे. हिशेब केला तर निदान वीस किलो गेली असेल.

घासाघीस करून बैल घेतला, पैसे मी दिले. तो विमानात नेता येणार नाही असं ठरलं, म्हणून सध्या माझ्या टीव्हीखाली उभा आहे. पाटोडी-रस्सा खाल्ला, भावाच्या नाकाडोळ्यांतून पाणी आलं, पण त्याने ताट पुसून खाल्लं. गांधी गेटला पोचेपर्यंत साडेपाच झाले. पुतळ्याला पाठ करून उभे राहिलो तर मागून ऑटोवाला ओरडला, "ओ ताई, रस्त्यात काय करून राहिले?" कमान नीट बघायची राहिली.

पोहेही राहिले. त्याचं विमान दुपारचं आहे, तेव्हा उद्या साडेसातला परत जातोय. तर्री जास्त मारायला सांगू.