विहिरी मचूळ होताहेत, बोअर खोल मारावी का?

काठावरचा
किनाऱ्यालगतच्या छोट्या शहरातली दाटीची वस्ती आहे. समुद्र साधारण ४०० मीटरवर, जमीन वाळूची, मध्ये कुठे कुठे चिकणमातीचा थर. विहिरी ६-७ मीटर खोल, जवळजवळ प्रत्येक घराला एक. पावसाळ्यानंतर टीडीएस (लिटरमागे विरघळलेले क्षार, मिलिग्रॅममध्ये) ४०० च्या आसपास असतो, उन्हाळ्याच्या शेवटी ९०० च्या वर जातो. पाणी मचूळ लागतं, साबणाला फेस येत नाही. बोअरवाले म्हणतात ६० मीटरवर गोडं पाणी लागेल. वस्तीतले काहीजण वर्गणी काढून बोअर मारायच्या तयारीत आहेत. मारावी का? आणि तोवर आहे त्या विहिरींचं काय करावं?

पाणाड्या
इतक्यात मारू नका. किनाऱ्यावर गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. समुद्राच्या पाण्याची घनता १.०२५ आणि गोड्याची १, म्हणून जमिनीखालच्या पाण्याची पातळी समुद्राच्या सरासरी पातळीपेक्षा १ मीटर वर असेल, तर खाली साधारण ४० मीटरपर्यंत गोडं पाणी राहतं. गायबेन आणि हेर्झबर्ग यांच्या नावाने हा हिशेब ओळखला जातो. तुमच्या वाळूत पातळी समजा अर्धा मीटर वर आहे, तर गोड्या पाण्याची हद्द कागदावर २० मीटरला संपते. प्रत्यक्षात त्याच्याही आधी, कारण दोन्ही पाणी एकमेकांत मिसळलेला जाड पट्टा मध्ये असतो. ६० मीटरची बोअर थेट खाऱ्यात उतरेल.

हाच हिशेब उपशालाही लागू आहे. पातळी २५ सेंटिमीटर उतरली आणि तशीच राहिली, तर खालची हद्द हळूहळू १० मीटर वर सरकते. ही सगळ्या वस्तीची सामाईक ठेव आहे. एकाच्या जोरदार पंपाने शेजारच्याची विहीरही मचूळ होते.

अपवाद एकच. खाली चिकणमातीचा जाड, सलग थर असेल आणि त्याखाली वेगळं, दाबाखालचं पाणी असेल, तर खोल बोअर चालू शकते. त्यासाठी आसपासच्या बोअरींची नोंद मागा (किती खोलीवर कोणता थर लागला) आणि विद्युतरोध सर्वेक्षण (जमिनीत वीज सोडून खालचे थर आणि खारं पाणी ओळखणारी चाचणी) करून घ्या. वरच्या खाऱ्या थरात केसिंगच्या (बोअरच्या भिंतीला आधार देणाऱ्या पाइपाच्या) बाहेरून सिमेंटचं ग्राउट, म्हणजे पातळ मिश्रण, भरलंच पाहिजे, नाहीतर खारं पाणी पाइपाच्या कडेने खाली झिरपतं. फसलेली बोअर उघडी सोडली तर तीच खाऱ्या पाण्याची वाट होते. ती तळापर्यंत पाइप सोडून, खालून वर सिमेंटच्या पातळ मिश्रणाने भरून बंद करायची.

क्षारमापी
आधी हा समुद्रच आहे ना, ते ठरवा. समुद्राच्या पाण्यात लिटरला सुमारे ३५,००० मिलिग्रॅम क्षार असतात, त्यातले १९,००० क्लोराईड. म्हणजे १ टक्का समुद्र मिसळला की टीडीएस ३५० ने आणि क्लोराईड १९० ने वाढतं. तुमची ५०० ची वाढ दीड टक्क्याच्याही आत बसते. प्रयोगशाळेत क्लोराईड, नायट्रेट आणि कोलिफॉर्म (विष्ठेतून येणारे जिवाणू) तिन्ही तपासा. नायट्रेट आणि कोलिफॉर्म जास्त असतील तर संडासाची टाकी पाझरते आहे, तिथे उपसा कमी करून भागणार नाही.

फेस न येण्याचं कारणही यातच आहे. समुद्राचं पाणी शिरताना त्यातलं सोडियम मातीच्या कणांना चिकटतं आणि तिथलं कॅल्शियम सुटून पाण्यात येतं. शिवाय समुद्रातलं मॅग्नेशियम असतंच. त्यामुळे जडपणा खारट चवीच्या आधी कळतो.

टीडीएसचं पेन खरं तर विद्युतवाहकता मोजतं आणि तिला ०.५ किंवा ०.७ ने गुणून आकडा दाखवतं. दोन घरांतली दोन पेनं एकाच पाण्याला वेगळा आकडा देतील. सगळ्या वस्तीने एकच पेन वापरा, मधूनमधून १४१३ मायक्रोसीमेन्सच्या (हे विद्युतवाहकतेचं एकक) प्रमाण द्रावणात तपासून घ्या.

नमुना नळाचा नको. पहाटे पंप लावण्याआधी बाटलीला दगड बांधा, बुचाला वेगळी दोरी लावा, हव्या त्या खोलीवर बाटली सोडून बूच ओढा. वरचं, मधलं आणि तळापासून ३० सेंटिमीटरवरचं पाणी घ्या. तळाचा आकडा वरच्यापेक्षा बराच जास्त आला, तर उपाय सोपा आहे.

पंपवाला
तो उपाय म्हणजे फूटव्हॉल्व्ह (पंपाच्या पाइपाच्या विहिरीतल्या टोकाची झडप) वर घ्या. बहुतेकांचा तळाला टेकलेला असतो. पंप चालू असताना पातळी जिथवर उतरते, त्याच्या साधारण ६० सेंटिमीटर खाली ठेवा. त्याहून वर घेतला तर भोवरा होऊन हवा ओढतो. पाणी त्या खुणेपर्यंत आलं की बंद होईल असा फ्लोट स्विच जोडा.

दीड अश्वशक्तीचा पंप तासभर सलग चालवण्यापेक्षा अर्ध्या अश्वशक्तीचा थांबून थांबून चालवा. पंपाखाली खारं पाणी सुळक्यासारखं वर चढतं. चढायला थोडा वेळ, खाली बसायला मात्र कितीतरी पट जास्त. सकाळी सहा ते सात सगळी वस्ती एकदम उपसते, तिथे पाळ्या लावा. भरतीला विहिरीची पातळी वर दिसते म्हणून तेव्हा जास्त उपसू नये. ती बहुतांशी दाबाची लाट असते, नवं गोडं पाणी आलेलं नसतं. पातळी मोजायची तर दर वेळी भरती-ओहोटीच्या एकाच टप्प्यावर मोजा.

काठावरचा
तळाचा नमुना घेतो. तोवर घरोघरी आरओ बसवले तर? आणि गच्चीचं पाणी थेट विहिरीत सोडता येतं का?

पाणाड्या
आरओ फक्त पिण्यापुरता. घरगुती यंत्र १ लिटर शुद्ध पाण्यामागे २-३ लिटर बाहेर टाकतं. म्हणजे उपसा वाढतो आणि तेच क्षार शोषखड्ड्यातून पुन्हा जमिनीत जातात.

गच्चीचं पाणी मात्र जरूर सोडा. १०० चौरस मीटर गच्ची, १००० मिलिमीटर पाऊस आणि २० टक्के गळती धरली तरी ८०,००० लिटर होतात. प्रत्येक कोरड्या खंडानंतरचे पहिले १००-२०० लिटर बाहेर काढा, त्यात धूळ आणि पक्ष्यांची विष्ठा असते. गाळणी तीन थरांची: तळाला मोठी खडी, मग बारीक खडी, वर जाडी वाळू, प्रत्येकी ३० सेंटिमीटर, मध्ये जाळी. समुद्राची वाळू अजिबात नको. मीठ उतरतं आणि बारीक असल्याने तुंबते. गाळणी बंद पडते ती वरच्या ५ सेंटिमीटरमध्ये बसलेल्या गाळामुळे, तेवढीच वाळू काढून धुवायची. रस्त्याचं आणि अंगणातलं पाणी विहिरीत घेऊ नका. अंगणाला फरशी घालू नका, ते तिथेच मुरू द्या. अॅमस्टरडॅमचं पाणीखातं १९५७ पासून किनाऱ्यावरच्या वाळूच्या टेकड्यांत नदीचं पाणी मुरवतं आहे, तत्त्व हेच.

क्षारमापी
वादळात समुद्र वस्तीत शिरला तर काय करायचं, तेही आत्ताच ठरवून ठेवा. लोक घाबरून विहीर पुन्हा पुन्हा रिकामी करतात. २००४ च्या त्सुनामीनंतर श्रीलंकेत असं झालं आणि काही ठिकाणी खालचं खारं पाणी आणखी वर आलं. एकदाच, हळू उपसा करा, गाळ काढा, उपसलेलं पाणी विहिरीपासून लांब उतारावर सोडा, विहीर निर्जंतुक करा आणि पाऊस पडेपर्यंत पिण्याचं पाणी बाहेरून आणा.