बायोस अपडेट करताना लाईन गेली, आता डिस्प्लेच येत नाही. नागपुरात कोणाकडे नेऊ?

महालकरीण:
नमस्कार मंडळी. रायझेन ५ ५६०० प्रोसेसर टाकायचा म्हणून काल दुपारी बी४५० मदरबोर्डाचं बायोस (पीसी सुरू करणारं बोर्डावरचं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करायला घेतलं. अर्ध्यावर असताना लाईन गेली. कूलर, पंखा, पीसी सगळं एकदम बंद. आता बटण दाबलं की आतले पंखे फिरतात, पण मॉनिटर काळाच. बोर्डावरचा सेल काढून ठेवला, रॅम बदलून पाहिली, काही नाही. बर्डीत एका दुकानात विचारलं तर म्हणाले, बोर्ड गेला, नवा घ्या. घरून नकाशे काढायचं काम करते, सोमवारी एक द्यायचा आहे. खरंच बोर्ड बदलावा लागेल का?

अजनीवाला:
ताई, आत्ताच नवा घेऊ नका. सेल काढल्यानं फक्त सेटिंग जातात. बायोस स्वतः आठ पायांच्या एका फ्लॅश चिपमध्ये असतं आणि तेच अर्धवट लिहिलं गेलंय, बाकी बोर्ड बहुतेक धडधाकट आहे. मागच्या बाजूला फ्लॅशबॅकचं बटण आहे का बघा. असेल तर प्रोसेसर-रॅमची गरजच नाही, बोर्डावरची वेगळी चिप पेनड्राइव्हवरून बायोस लिहिते. तुमच्याच मॉडेलची फाइल कंपनीच्या साइटवरून घ्या, पेनड्राइव्ह फॅट३२ प्रकारात फॉरमॅट करा, फाइलला मॅन्युअलमध्ये दिलंय तेच नाव द्या आणि खूण केलेल्या यूएसबी पोर्टातच लावा. पीसी बंद, एसएमपीएस (पीसीला वीज देणारा डबा) चालू, मग बटण. दिवा लुकलुकत असेपर्यंत कशालाही हात लावू नका. आणि हे यूपीएसवरच करा, उन्हाळ्यात लाईनचा भरवसा नाही.

मनीषनगर_रिपेअर:
बटण नसेल तर विकणाऱ्या दुकानात नेऊ नका, बर्डीतच लॅपटॉपचं चिप लेव्हल काम करणाऱ्यांकडे न्या. ते प्रोग्रामर नावाच्या यंत्रानं चिपमध्ये बायोस पुन्हा लिहून देतात. आधी जुन्या चिपची कॉपी काढून ठेवा म्हणून आवर्जून सांगा, बऱ्याच बोर्डांचा मॅक ॲड्रेस (नेटवर्कसाठीचा ओळख क्रमांक) त्यातच असतो. काही चिप १.८ व्होल्टच्या असतात, त्यांना ३.३ दिला तर खराब होऊ शकतात. समोरचा चिपचा नंबर न वाचताच प्रोग्रामरची क्लिप लावत असेल तर बोर्ड घेऊन परत या.

महालकरीण:
बटण आहे! पण दिवा पाच-सहा वेळा लुकलुकला अन् थांबला.

अजनीवाला:
म्हणजे फाइल सापडली नाही. विंडोज फाइलचं शेपूट लपवतं, त्यामुळे नाव बदलताना डॉट रॉम दोनदा लागलं असेल. एक्सप्लोररच्या व्ह्यूमध्ये एक्स्टेन्शन दाखवायला लावा आणि बघा.

महालकरीण:
तेच झालं होतं! शेजारच्या काकांचा यूपीएस आणून पुन्हा केलं. सात-आठ मिनिटांनी दिवा बंद झाला, पीसी एकदा स्वतःच रिस्टार्ट झाला अन् डिस्प्ले आला. खूप खूप आभार दादा. आता विंडोज बिटलॉकरची (डिस्कच्या कुलपाची) की मागतंय, ती कुठे मिळेल?

मनीषनगर_रिपेअर:
बायोस बदललं की असं होतं, घाबरू नका. मोबाइलवरून तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटला लॉगिन करा, तिथे डिव्हाइसच्या नावापुढे ४८ आकडी की असेल. तीच टाका.